एक्स्प्रेस गेल्याशिवाय पॅसेंजर येत नाही: एका फाटकावरची तेरा मिनिटं

हे प्रकरण २०२४ च्या डिसेंबरातलं आहे. गाव, स्टेशन, कारखाना आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. मी शिक्षिका आहे आणि शाळेला रोज पॅसेंजरने जाते, म्हणून त्या सकाळी मी त्याच गाडीत होते. फाटकावर काय चाललं होतं ते मला दिसलं नाही. ते पुढच्या तीन-चार महिन्यांत तिथे हजर असलेल्या माणसांकडून ऐकलं आणि त्यांच्या मोबाइलमधल्या कॉलच्या वेळांशी ताडून पाहिलं. एखाद-दुसऱ्या मिनिटाचा फरक असू शकेल, क्रमात मात्र चूक नाही.

पार्श्वभूमी

आमचा पट्टा बार्शी लाईटचा. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांवर ही गाडी सुरू झाली. पुढे एका अंगाने लातूर आणि दुसऱ्या अंगाने पंढरपूर-मिरजेपर्यंत गेली. चढावर खाली उतरून, चार पावलं गाडीबरोबर चालून पुन्हा डब्यात चढायचो, असं सांगणारे म्हातारे अजून गावात आहेत. या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झालं. मग विजेच्या तारा आल्या. औसा रोड ते लातूर रोड हा शेवटचा तुकडा २०२३ च्या फेब्रुवारीत पुरा झाला.

आता मोकळ्या रुळावर आमची पॅसेंजरही ताशी नव्वद-पंचाण्णवने पळते. तरी लोकांच्या मनातली पॅसेंजर जुनीच आहे. 'पॅसेंजरच आहे, येईल सावकाश' हे वाक्य मी फाटकावर किती वेळा ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही.

लाइन एकेरी आहे. समोरून गाडी यायची असली की एकीला स्टेशनात थांबावं लागतं, आणि थांबते ती नेहमी पॅसेंजर. आमच्या गाडीचं क्रॉसिंग रोज अलीकडच्या स्टेशनात पडायचं. समोरून एक्स्प्रेस फाटकावरून निघून जायची, मग थोड्या वेळाने आमची पॅसेंजर यायची. वर्षानुवर्षं हाच क्रम. फाटकाजवळच्या वस्तीचं सकाळचं घड्याळच त्यावर लागलेलं.

या फाटकावर माणूस आहे, पण ते सिग्नलशी जोडलेलं नाही. जोडलेलं म्हणजे इंटरलॉक असतं, तर फाटक पूर्ण बंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. इथे सगळा कारभार फोनवर आणि शब्दावर चालतो. स्टेशन मास्तर गेटमनला फोन करून गाडी सांगतात, गेटमन फाटक लावतो, कुलूप घालतो, मग दोघं प्रायव्हेट नंबरांची, म्हणजे निरोप पक्का झाल्याची खूण असलेल्या आकड्यांची, देवाणघेवाण करून वहीत नोंद करतात. त्यानंतर गाडी सुटते. एकदा नंबर दिला की गाडी जाईपर्यंत फाटक उघडायचं नाही, हे या पद्धतीचं सगळं बळ आहे. ते त्या एका माणसाच्या हातात असतं.

ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं २०१९ च्या जानेवारीपर्यंत संपवली गेली. त्याआधी, २४ जुलै २०१४ ला तेलंगणातल्या मासाईपेट इथे बिनमाणसाच्या फाटकावर शाळेच्या बसला गाडीने उडवलं आणि डझनाहून जास्त मुलं गेली. ती गाडी नांदेड-सिकंदराबाद पॅसेंजर होती, आपल्याच मराठवाड्यातून निघालेली. त्यानंतर सगळ्यांचं म्हणणं एकच होतं की फाटकावर माणूस हवा. आमच्या फाटकावर तो होता.

अडचण

डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात. पहाटेपासून फडातून भरलेले ट्रॅक्टर निघतात, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या. कारखान्याच्या काट्यावर जो आधी पोचतो त्याचा नंबर आधी लागतो. पाच मिनिटं उशीर झाला की रांगेत दोन-दोन तास जातात आणि दिवसाची एक खेप बुडते. ड्रायव्हरला मजुरी खेपेवर, मुकादमाचा हिशेब टनावर. या माणसांना फाटकावर दम धरवत नाही, यात मला नवल वाटत नाही.

गेटमन चाळिशी ओलांडलेले निवृत्त सैनिक, कंत्राटावर लागलेले. लोक त्यांना फौजीच म्हणत. माणूस शिस्तीचा आणि मवाळ बोलण्याचा.

त्या दिवशी एक्स्प्रेस जवळजवळ दोन तास उशिरा होती. म्हणून क्रॉसिंग पुढच्या स्टेशनात नेलं आणि आमची पॅसेंजर न थांबता सोडायचं ठरलं. ६:३८ ला फौजींना फोन आला. पॅसेंजर सांगितली गेली. त्यांनी हँडल फिरवून दांडे खाली घेतले, कुलूप घातलं, नंबर दिला-घेतला, वहीत लिहिलं. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे.

बाहेर चार ट्रॅक्टर, दोन जीप आणि काही मोटरसायकली जमल्या. थंडी, उजाडायचं बाकी, रुळांवर धुकट. पाच-सहा मिनिटं गेली, कोणतीच गाडी आली नाही. मग सुरू झालं.

"ओ फौजी, उघडा की. अजून एक्स्प्रेसच गेली नाही."

"पॅसेंजर सांगितलीय."

"एक्स्प्रेस गेल्याशिवाय पॅसेंजर कधी आलीय का? दोन ट्रॉल्या काढून घेऊ, लगेच लावा."

हे बोलणारा एक नव्हता. पंधरा-वीस जण होते, त्यात गावातली वजनदार माणसंही होती. दोन आठवड्यांपूर्वी फाटक उघडलं नाही म्हणून फौजींच्या खोलीवर दगड पडला होता, तेही त्यांना आठवत असणार. पण मला त्यांनी सांगितलं ते वेगळंच होतं. "मॅडम, भीतीनं नाही उघडलं. मलाबी तसंच वाटलं. रोज तसंच असतंय."

६:४४ ला त्यांनी दांडे वर घेतले. आमची गाडी अलीकडच्या स्टेशनातून ६:४३ ला सुटली होती. अंतर नऊ किलोमीटर.

पहिला ट्रॅक्टर निघून गेला. दुसऱ्याची पुढची ट्रॉली रूळ ओलांडून गेली. रुळालगतचा एक ब्लॉक खचलेला होता, त्यात मागच्या ट्रॉलीचं चाक आपटलं आणि दोन ट्रॉल्या जोडणारी पिन तुटली. ट्रॅक्टर पुढे गेला, आठ-दहा टन उसाची मागची ट्रॉली रुळांच्या मधोमध उभी राहिली.

समोरचे पर्याय

त्या क्षणी करण्यासारख्या चार गोष्टी होत्या. कुणी त्या चार म्हणून मोजल्या नाहीत. नंतर शांतपणे बसल्यावर त्या वेगळ्या दिसतात.

ट्रॉली ओढून काढणं ही पहिली. दुसरा ट्रॅक्टर जोडायचा तर तुटलेल्या पिनेच्या जागी काहीतरी घालावं लागणार, साखळी शोधावी लागणार. जमलं तर पाच मिनिटांत, नाही तर वीस.

दुसरी, ऊस खाली टाकून ट्रॉली हलकी करणं. दोन पोरं मोळ्या फेकायला वर चढलीही. मला सगळ्यात जास्त धडकी भरते ती या चढण्याने. डोक्यावरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात. फाटकाच्या दोन्ही बाजूंना ४.६७ मीटरवर आडवी पट्टी असते, ती भरलेलं वाहन तारेपासून लांब राहावं म्हणून. वाहनावर उभा राहिलेला माणूस त्या हिशेबात धरलेला नाही. शिवाय ही तार अंगाला लागावीच लागते असं नाही. दोन मीटरच्या आत जायचंच नाही, असा नियम आहे. ओला ऊस हातात घेऊन ती पोरं तिच्याखाली उभी होती.

तिसरी गोष्ट गाडी थांबवणं: स्टेशनला फोन, आणि लाल बत्ती व फटाके घेऊन गाडीच्या दिशेने धावणं. चौथी, माणसं लांब काढणं. गाडी आदळलीच असती तर ट्रॉलीला खांदा लावून उभे असलेले तीस-चाळीस जण आधी गेले असते.

सगळ्यांनी पहिली निवडली. रस्त्यावर गाडी रुतली की ढकलायची, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. फौजीही ढकलायला लागले. त्यात तीन मिनिटं गेली.

काय केलं

ढकलण्याचा नाद सुटला तो एका दूधवाल्यामुळे. त्याचं दूध रोज याच पॅसेंजरने शहरात जातं, म्हणून तो मोटरसायकलला कॅन बांधून पुढच्या स्टेशनकडे निघाला होता. गाडी कुठवर आली ते मोबाइलमधल्या ॲपवर बघत बघत येण्याची त्याला सवय. फाटकाशी आला तेव्हा ६:४७ झाले होते आणि ॲपमध्ये पॅसेंजर अलीकडचं स्टेशन सोडून निघाल्याचं दिसत होतं.

त्याने मोबाइल फौजींच्या तोंडापुढे धरला. म्हणाला, "ट्रॉली राहू द्या. गाडी निघालीय."

फौजी खोलीत धावले. ६:४८ ला स्टेशनला फोन. मास्तर म्हणाले, गाडी सुटून पाच मिनिटं झाली. त्यांनी लगेच वॉकीटॉकीवर लोको पायलटला हाक मारली. गाडी बरीच पुढे गेली होती, नुसती खरखर ऐकू आली. इकडे फौजींनी लाल बत्ती आणि फटाक्यांची पेटी उचलली.

हे फटाके म्हणजे चपट्या गोल डब्या असतात. दोन पट्ट्यांनी त्या रुळाच्या माथ्यावर आवळून बसवायच्या. चाक वरून गेलं की बार होतो आणि लोको पायलटने लगेच गाडी काबूत आणायची असते, म्हणजे अडथळ्याच्या अलीकडे थांबता येतं. नियमाप्रमाणे एक फटाका सहाशे मीटरवर आणि तीन फटाके बाराशे मीटरवर, दहा-दहा मीटर अंतराने लावायचे. खडीतून बाराशे मीटर धावायला धडधाकट माणसालाही सात-आठ मिनिटं लागतात. हातात तीनच उरली होती.

दूधवाल्याने कॅनची दोरी सोडली, सगळे कॅन खाली ढकलले आणि फौजींना मागे बसवलं. रुळाच्या कडेने बांधावरची पायवाट जाते, ती त्याच्या रोजच्या पायाखालची. तिच्यावरून त्यांनी जवळपास एक किलोमीटर गाठला. सहाशे मीटरवर न थांबता थेट पुढे जायचं, हे फौजींनी मागे बसल्या बसल्या ठरवलं. तो निर्णय बरोबर होता. अलीकडे थांबले असते तर बार झाला असता, पण गाडी थांबायला जागा उरली नसती.

त्यांनी दोन फटाके बसवले. बोटं गारठलेली, एक पट्टी आवळताना नख उपसलं. तिसरा हातात असतानाच उजेड दिसला. तो टाकून ते बाजूला झाले आणि बत्ती आडवी हलवत राहिले.

मी तिसऱ्या डब्यात खिडकीशी होते. समोर मेथीच्या जुड्यांची पाटी घेतलेल्या दोन बाया, शेजारी नर्सिंग कॉलेजच्या मुली. पुढून, इंजिनाकडून, पाठोपाठ दोन बार ऐकू आले. त्याआधीच ब्रेक लागला होता. सगळा डबा पुढे ढकलला गेला, पाटी उलटली, वरच्या फळीवरची एक बॅग खाली आली. चाकांचा तो करकरणारा आवाज संपतच नव्हता. मग गाडी शेतात थांबली आणि जळक्या ब्रेकचा वास आत आला. कुणी काही बोललं नाही. एका मुलीने पायाशी पडलेल्या जुड्या गोळा करायला घेतल्या.

खाली उतरून पुढे गेलो तेव्हा इंजिन आणि ट्रॉली यांच्यात विजेच्या तारेचा एक खांब होता आणि पुढच्या खांबापर्यंतचं निम्मं अंतर. नव्वदेक मीटर धरा. ताशी पंचाण्णवने पळणारी गाडी हे अंतर साडेतीन सेकंदांत कापते.

निष्पत्ती

कुणालाही इजा झाली नाही. साखळी लावून दोन ट्रॅक्टरांनी ट्रॉली ओढली, पाऊण तासाने आमची गाडी हलली. लोको पायलट खाली उतरून फौजींच्या पाठीवर हात ठेवून काही बोलले. फौजी दगडावर बसून होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

चौकशी झाली. फाटक नंबर दिल्यावर उघडलं होतं, वहीत तसं स्पष्ट दिसत होतं, फौजींनी लपवलंही नाही. त्यांना कामावरून कमी केलं गेलं. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६० प्रमाणे बंद फाटक परस्पर उघडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण इथे हँडल फिरवणारा हात गेटमनचाच होता. 'उघडा की' म्हणणारे पंधरा-वीस जण त्याच संध्याकाळी काट्यावर रांगेत होते.

ही गोष्ट मला पचली नाही, आणि सुदैवाने गावातही काहींना पचली नाही. जानेवारीतल्या ग्रामसभेत दूधवाला उभा राहिला आणि म्हणाला, आपण उघडायला लावलं हे लिहून देऊ. बराच आरडाओरडा झाला. शेवटी एकतीस जणांनी सह्या केल्या. पहिली सही ट्रॅक्टर ड्रायव्हरची, दुसरी मुकादमाची. त्या पत्राने फौजींची नोकरी परत मिळाली नाही. पण त्याच पत्रामुळे कारखान्याच्या शेती खात्याने हंगामापुरता आपला एक माणूस फाटकाच्या अलीकडे उभा करायचं कबूल केलं. रांग लावणं आणि ड्रायव्हरना मागे थोपवणं एवढंच त्याचं काम. फाटकात अडकलेला वेळ काट्यावरच्या नंबरात धरायचंही ठरलं. माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा बदल हाच, कारण घाईचं मूळ काट्यावर होतं.

पुढे काय करायचं यावर गाव अजून एकमताचं नाही. फाटक बंद करून खालून भुयारी रस्ता द्यावा, असं काहींचं म्हणणं. शेजारच्या गावात तसा आहे आणि पावसाळ्यात त्यात कंबरभर पाणी साचतं. उसाने भरलेली ट्रॉली त्यातून जाते की नाही यावरही वाद आहे. वरून पूल झाला तर उत्तमच, पण त्याला जमीन लागते आणि ज्यांची जाणार ते तयार नाहीत. राहिलं इंटरलॉकिंग. ते कुठे करायचं हे फाटकावरच्या वर्दळीवरून ठरतं: दिवसभरातल्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. ८ जुलै २०२५ ला तामिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पम इथे शाळेच्या व्हॅनला गाडीने धडक दिली आणि तीन मुलं गेली. तिथेही फाटकावर माणूस होता, फाटक इंटरलॉक नव्हतं, आणि गाडी विल्लुपुरम-मयिलादुतुराई पॅसेंजर. त्यानंतर इंटरलॉकिंगसाठीची या गुणाकाराची मर्यादा वीस हजारांवरून दहा हजारांवर आणली गेली, फाटकांवर सीसीटीव्ही बसवण्याचा आदेशही निघाला. वर्दळीची मोजणी सात दिवसांची असते. ती पावसाळ्यात झाली तर आमच्या रस्त्यावर चार मोटरसायकली आणि एक जीप दिसेल. म्हणून गावाने अर्जात एकच ओळ ठळक करून लिहिली: मोजणी जानेवारीत करा.

वेगळं काय करता आलं असतं

फाटक उघडण्याआधी एक फोन. 'पॅसेंजर सुटली का?' एवढं विचारायला दहा सेकंद लागले असते. फौजी स्वतः हेच म्हणतात.

स्टेशनवरून गाडी सांगताना 'आज क्रॉसिंग इथे नाही, पुढे आहे' असं एक वाक्य जोडलं असतं तरी चित्र बदललं असतं. नियमाने ते सांगणं लागत नाही. पण रोजचा क्रम मोडतो त्या दिवशी तो मोडलाय हे मोठ्याने सांगावं, असं मला ठामपणे वाटतं. माणसं नियमापेक्षा सवयीवर जास्त चालतात. आमच्या फाटकावर त्या दिवशी सगळे सवयीवर चालले होते, फौजींसकट.

आणि ती तीन मिनिटं. ट्रॉली अडकल्या क्षणी फोन झाला असता तर गाडी सुटून दोनच मिनिटं झाली होती. कदाचित वॉकीटॉकी पोचला असता. फौजी चालतही बऱ्याच पुढे गेले असते. मदतीला आलेल्या चाळीस हातांनी खरं काम लांबवलं. त्यातल्या एकालाही ट्रॉलीपासून दूर हो, तारेखालून उतर, असं कुणी म्हटलं नाही. दूधवाल्यानेही नाही. मी त्याला विचारलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बाई, ते डोक्यातच आलं नाही."

आता नवे गेटमन आले आहेत, तरुण आहेत. गावाच्या सांगण्यावरून त्यांनी खोलीच्या बाहेर, रस्त्याच्या तोंडाला एक काळी पाटी टांगली आहे. फोन आला की फाटक लावतात, नंबर देतात, मग पाटीवर खडूने लिहितात: येणारी गाडी पॅसेंजर, किंवा एक्स्प्रेस, किंवा मालगाडी. खाली कोणत्या बाजूने येणार ते. धावत्या गाडीतून ती अक्षरं मला वाचता येत नाहीत. पाटी दिसते, आणि तिच्यामागे इंजिन बंद करून थांबलेले ट्रॅक्टर दिसतात.